अंड्यावरच्या कोंबड्यांना काय चारावे? घरची ज्वारी, चुनी चालते. सरकीची ढेप नको

यवतमाळ : कोंबडीपालनात 60 ते 70 टक्के खर्च एकट्या खाद्याचा असतो. तयार लेअर खाद्याचे पोते परवडत नाही म्हणून गावोगावी घरचेच काहीबाही चारले जाते. जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी घरोघरी आहे. पण यातले सगळेच कोंबडीला चालत नाही. चुकीचे चारले तर अंडी कमी होतात, नाहीतर अंडे फोडल्यावर गिऱ्हाईक परत येते.

गरज किती?
अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिने आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम लागते. पिंजऱ्यातली संकरित कोंबडी दिवसाला 110 ग्रॅमच्या आसपास खाते. मोकळी फिरणारी गावरान कोंबडी किडे, गवत, दाणे वेचते, तिला संध्याकाळी थोडे वरखाद्य पुरते.

सरकीची ढेप
बैल, म्हशीला चालते म्हणून कोंबडीलाही टाकतात. इथंच गडबड होते. सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. मोठ्या जनावरांच्या पोटात तो बराचसा निष्प्रभ होतो, कोंबडीत होत नाही. अंडे काही दिवस ठेवले की पिवळा बलक हिरवट-तपकिरी पडतो. सरकीतल्या तेलामुळे पांढरा भाग गुलाबीही होतो. त्यामुळे अंड्यावरच्या कोंबडीला ढेप नकोच.

सोयाबीन
कच्चे सोयाबीन देऊ नये. त्यातल्या एका घटकामुळे प्रथिने पचत नाहीत, अंडी घटतात. द्यायचेच तर नीट खमंग भाजून, भरडून आणि थोडेच द्यावे. तेल काढलेली सोयापेंड सगळ्यात चांगली, तिच्यात 45 टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात.

ज्वारी आणि तुरीची चुनी
मक्याच्या जागी पांढरी ज्वारी बरीचशी चालते. फक्त बलक फिका पडतो, कारण मक्यातला पिवळा रंग ज्वारीत नाही. सोबत शेवग्याचा पाला, पालक किंवा लसूणघास दिला की रंग येतो. तुरीची चुनी दहा किलोत एक किलोपर्यंतच ठेवावी.

अझोला
टाक्यात फुकटात वाढतो, कोंबड्या आवडीने खातात. पण ओल्या अझोल्यात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असते. त्याच्या भरवशावर खाद्य बंद केले तर कोंबडी उपाशी राहते. तो जोडीला द्यायचा.

दहा किलो खाद्य असे करा
- मका भरडा : साडेतीन किलो
- ज्वारी भरडा : दीड किलो
- सोयापेंड : 2 किलो
- तुरीची चुनी : 1 किलो
- गव्हाचा कोंडा : 900 ग्रॅम
- शिंपल्यांचा चुरा : 900 ग्रॅम
- पोल्ट्रीचे मिनरल मिक्श्चर : 170 ग्रॅम
- मीठ : 30 ग्रॅम

यातून साधारण 16 टक्के प्रथिने मिळतात. मीठ मोजूनच टाकावे, जास्त झाले तर पातळ हगवण लागते. कवच पातळ येत असेल तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, कोंबडी लागेल तेवढा खाते.

बुरशीचा माल नको
परतीच्या पावसात भिजलेला मका, काळी पडलेली शेंगदाणा पेंड माणसाच्या कामाची नाही म्हणून कोंबड्यांना टाकतात. बुरशीचे विष कोंबडीच्या काळजावर म्हणजे लिव्हरवर जाते. माल उन्हात वाळवल्याने किंवा भाजल्याने ते पूर्ण जात नाही. असा माल फेकलेलाच बरा. मोहाची आणि एरंडीची ढेपही देऊ नये.

बदल हळूहळू
नवे खाद्य एकदम सुरू करू नये. जुन्यात थोडे थोडे मिसळत आठ दिवसांत बदलावे आणि रोजची अंडी वहीत लिहावी. अंडी घटली की काय बदलले ते लगेच सापडते. तरीही उतार थांबला नाही तर खाद्याचा नमुना घेऊन जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा कृषी विज्ञान केंद्र गाठावे.