ओतीव शिशाची गोळी

* एल्मर कीथ (१८९९–१९८४) हे अमेरिकेतील आयडाहो राज्यातले शिकारी आणि लेखक. त्यांनी आखलेली ही चपट्या नाकाची गोळी १९२०च्या दशकाच्या अखेरीस लायमन कंपनीच्या साच्यातून .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी ओतली जाऊ लागली. वजन सुमारे २५० ग्रेन, म्हणजे १६ ग्रॅम. व्यास जवळपास ११ मिलिमीटर. १९५६ मध्ये बाजारात आलेल्या .४४ मॅग्नम काडतुसामागेही कीथ यांचाच अनेक वर्षांचा आग्रह होता.

मऊ टोकाची, तांब्याच्या वेष्टणातली गोळी हरणाच्या अंगात शिरताच फुलते. कठीण ओतीव गोळी फारशी फुलत नाही. तिचे काम चपटे नाक करते. रुंद टोक ऊती नुसत्या बाजूला न सारता कापत जाते. वेग रायफलच्या निम्म्याहून कमी असला, तरी वजनाच्या जोरावर गोळी बरगड्या भेदून सहसा पलीकडे निघते. दोन्ही भोकांतून रक्त सांडल्याने माग काढणे सोपे जाते. मात्र हरीण जागीच कोसळेल याची खात्री नसते. म्हणून नेम हृदय-फुप्फुसांवरच हवा.

मिश्रधातूवर बरेच अवलंबून असते. कीथ १६ भाग शिशात एक भाग कथील घालत. मिश्रणात अँटिमनी फार झाले की गोळी ठिसूळ होऊन हाडावर फुटू शकते. शिसे फार मऊ राहिले, तर ते नळीला आतून चिकटते.

शिशामुळे कॉन्डॉर गिधाडांना विषबाधा होत असल्याने कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे.