स्नेहसंमेलनातला ऑपेरा

मागच्या वर्षी लेकीकडे लंडनला गेले होते, तेव्हा जावईबापूंनी एका संध्याकाळी चर्चमध्ये नेलं. प्रार्थनेला नव्हे, गाण्याला! हेन्री पर्सेलचा 'डायडो अँड इनीअस' हा ऑपेरा होता. पण ना पडदे, ना पोशाख. गायक हातात वह्या घेऊन उभे आणि शेजारी दहा-बारा वादक. वाद्यं जुन्या पद्धतीची. व्हायोलिनला आतड्याच्या तारा, साथीला हार्पसिकॉर्ड.

माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. यातलं मला काय कळणार, म्हणून मागेच बसले. मग कार्यक्रमपत्रिका वाचली आणि सावरून बसले. या ऑपेराच्या सतराव्या शतकातल्या छापील संहितेवर लिहिलंय, की तो चेल्सीतल्या जोसायस प्रीस्ट यांच्या शाळेत मुलींनी सादर केला. प्रीस्ट नृत्यशिक्षक. म्हणजे आपलं गॅदरिंगच की हो!

पर्सेल १६९५ साली ३६व्या वर्षी गेला. त्याच्या हातची या ऑपेराची स्वरलिपी उरलेली नाही. आज हाती आहे ती सर्वांत जुनी प्रत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, दुसऱ्याच कुणी उतरवलेली. नांदीचे शब्द आहेत, चाल हरवली. दुसऱ्या अंकाच्या शेवटीही तेच. तिथे या मंडळींनी पर्सेलचीच दुसरी चाल घेतली आणि तसं आधी सांगितलंही. ठिगळ लपवलं नाही, हे मला आवडलं.

शेवटी इनीअस निघून जातो आणि राणी डायडो मरण्याआधी गाते. खाली खर्जात पाच मात्रागटांची एक ओळ पायरी पायरीने उतरते आणि पुन्हा पुन्हा येते, आपल्या लेहऱ्यासारखी. वर राणी एवढंच मागते, की माझी आठवण ठेवा. माझे डोळे भरून आले, पण ते काही फक्त डायडोसाठी नव्हते.

शाळेत असताना मी दरवर्षी मुलींसाठी नाटुकली लिहायचे, गाण्यांसकट. घर बदलताना तो गठ्ठा मीच रद्दीत घातला. 'पोरांसाठी खरडलेलं, कोण वाचणार?' नंतर एका माजी विद्यार्थिनीने त्यातलं एक गाणं मागितलं. मला ध्रुवपदाच्या पुढे आठवेना.

पर्सेलला निदान कुणीतरी उतरवून घेणारा भेटला. असो. माझ्या मुलींनो, कुणाच्या माळ्यावर तशी एखादी वही निघाली, तर रद्दीवाल्याच्या आधी मला फोन करा.