अमरावती–अकोला महामार्ग विक्रम
अमरावती–अकोला महामार्ग विक्रम हा राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये नोंदवला गेलेला रस्तेबांधणीतील गिनीज जागतिक विक्रम आहे. राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीने ७५ किमी लांबीच्या एका मार्गिकेवर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी काँक्रीटचा थर अंथरला. ७२० जणांनी अहोरात्र काम केले. ३६,६३४ टन मिश्रण लागले. आधीचा विक्रम कतारमधील दोहा येथे २०१९ मध्ये झाला होता (२५.२७५ किमी, १० दिवस).

मिश्रण गरम असतानाच पसरून दाबावे लागते. त्यामुळे अशी गती यंत्रांइतकीच अखंड पुरवठ्याच्या नियोजनावर अवलंबून असते. बांधकाम व्यवसायाची स्पर्धाक्षमता केवळ स्वस्त मजुरीवर ठरत नाही, हे यातून दिसते. मात्र हा विक्रम पृष्ठथरापुरता आहे. भराव व पायाच्या कामाचा कालावधी त्यात धरलेला नाही.