लूना, सायकल आणि अडीचशे वॉट

दिंडोशीच्या चढाच्या रस्त्यांवर आज तीन प्रकारच्या दुचाकी दिसतात: साधी सायकल, नंबरप्लेट असलेली विजेची स्कूटर आणि नंबरप्लेट नसलेली विजेची स्कूटर. ठरावीक मर्यादेत असेल तर या तिसरीला कायदा मोटार वाहन मानत नाही. हे कितपत योग्य आहे, हे समजण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

ब्रिटनमध्ये 1865 च्या कायद्याने वाफेच्या गाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवणे सक्तीचे केले होते. शहरात वेगमर्यादा होती ताशी 2 मैल! 1896 साली हलक्या गाड्यांना यातून सूट मिळाली. भीती ओसरली, पण यंत्र बसवले की वाहन वेगळे, हा विचार टिकला.

आपल्याकडे 1972 साली फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. तिला सायकलीसारखे पायडल होते, तरी नंबर आणि परवाना लागेच. कारण तिचे इंजिन सुमारे 50 सीसीचे होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने 35 सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी मोटार वाहनातून वगळली. 1994 साली ही मर्यादा 25 सीसीवर आली. म्हणजे कसोटी पायडलची नव्हती, इंजिनाची होती.

विजेच्या मोटरला सिलिंडरच नाही, मग सीसी कुठून मोजणार? म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नवी मापे आली: मोटरची तीस मिनिटांची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किमीपेक्षा कमी, बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत.

आता थोडे गणित करू. स्वारासह 80 किलोची सायकल ताशी 15 किमीने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे 700 ज्यूल भरते. स्वारासह 150 किलोची स्कूटर ताशी 25 किमीने गेली, तर सुमारे 3,600 ज्यूल, म्हणजे पाचपट. तीच ताशी 45 किमीने गेली, तर सतरापट. पादचाऱ्याला धडक बसते ती या ऊर्जेची. पायडल आहे की नाही, याने फरक पडत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. वीस मीटरला एक मीटर अशा चढावर 250 वॉटची ही स्कूटर, घर्षण सोडले तरी, ताशी 12 किमीच्या वर जात नाही. साहजिकच शक्ती वाढवण्याचा मोह होतो. सीसी सिलिंडरच्या धातूत पक्के असतात. विजेच्या गाडीचा वेग मात्र कंट्रोलरमध्ये बांधलेला असतो आणि तो सोडवता येतो. 2022 साली राज्याच्या परिवहन विभागाने असे बेकायदा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली, ती याचमुळे.

आमच्या मते, मर्यादेत चालणाऱ्या गाडीला सायकलीजवळचे, सौम्य नियम असावेत. पण ती मर्यादा विक्रीच्या कागदावर असून भागणार नाही, ती रस्त्यावर मोजली गेली पाहिजे. शाळेबाहेर आखलेले 50 मीटर अंतर आणि एक स्टॉपवॉच एवढ्या साधनांवर विद्यार्थीही हे मोजू शकतील. ज्या गाडीला ते अंतर कापायला 7.2 सेकंदांपेक्षा कमी वेळ लागतो, ती ताशी 25 किमीची रेघ ओलांडून गेलेली असते.