झाशीचे खलिते

झाशीतील ज्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधरराव नेवाळकर आणि लक्ष्मीबाई यांचा विवाह झाला, ते आजही उभे आहे. महाराष्ट्रातून येणारा पाहुणा ते पाहतो, किल्ला चढतो आणि तलवारीच्या कथा मनात घेऊन परततो. माझे आयुष्य सरकारी कागदांत गेल्यामुळे असेल, मला राणीसाहेबांची पत्रे तितकीच मोलाची वाटतात.

खलिता म्हणजे मुळात थैली. राजाचे पत्र भरजरी थैलीत जाई, म्हणून थैलीचेच नाव पत्राला पडले. व्यापारी कंपन्यांनी हा शिष्टाचार आनंदाने नव्हे, गरजेने स्वीकारला होता. सतराव्या शतकात बटाव्हियाच्या डच गव्हर्नर-जनरलकडे जावा-सुमात्राकडील राजांची पत्रे सन्मानाने स्वीकारली जात आणि त्यांची भाषांतरे दैनंदिनीत नोंदवली जात. राजाची मर्जी राखल्यावाचून मिरी मिळत नसे. गरज संपली की शिष्टाचाराचे काय होते, ते झाशीत दिसते.

झाशीचे सुभेदार शिवरावभाऊ यांच्याशी कंपनीने १८०४ मध्ये करार केला, तेव्हा ते पेशव्यांचे मांडलिक होते. जून १८१७ च्या पुणे तहाने बुंदेलखंडावरील पेशव्यांचे हक्क कंपनीकडे गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रामचंद्ररावांशी झालेल्या तहात झाशीचे राज्य वंशपरंपरेने मान्य झाले. १८२५ मध्ये काल्पीवर संकट आले असता झाशीची फौज कंपनीच्या मदतीला धावली होती. १८३२ मध्ये बेंटिंकने रामचंद्ररावांना राजा हा किताब दिला.

२० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधररावांनी मेजर एलिस यांच्या समक्ष दत्तक घेतला आणि तो मान्य व्हावा म्हणून खलिता त्यांच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी ते वारले. त्यानंतर राणीसाहेबांनी ३ डिसेंबरला आणि १६ फेब्रुवारी १८५४ ला गव्हर्नर-जनरलला लिहिले. त्या पत्रव्यवहारात दयेची याचना फार थोडी, शब्दार्थाचा वाद अधिक आहे. तहाच्या फारसी मजकुरात ‘वारिसान’ आणि ‘जानशीनान’ असे दोन शब्द होते. पहिल्यात रक्ताचे वारस आले. मग दुसरा शब्द कशासाठी? दत्तकासाठीच, असा त्यांचा युक्तिवाद. शेजारच्या ओरछा व दतिया संस्थानांतील दत्तके कंपनीने मान्य केल्याचा दाखलाही होताच. तहात एकही शब्द वायफळ नसतो, हे गृहीत धरूनच त्याचा अर्थ लावायचा असतो. कोणत्याही सचिवालयात ही मांडणी उत्तम ठरली असती.

स्थानिक अधिकारी एलिस यांचे मतही दत्तकाला अनुकूल होते. मात्र डलहौसीचे टिपण २७ फेब्रुवारीचे आहे. राणीसाहेबांच्या दुसऱ्या पत्रानंतर अवघ्या अकरा दिवसांचे. मेटकाफच्या १८३७ मधील टिपणाचा आधार घेऊन त्याने झाशीला स्वतंत्र राज्यांच्या पंक्तीतून उठवले आणि कंपनीच्या देणगीवर उभ्या असलेल्या संस्थानांत बसवले. ओरछाचा दाखला त्यामुळे आपोआप गैरलागू झाला! वर्गवारी बदलली की पुराव्याला उत्तर देण्याची गरज उरत नाही. ही युक्ती आमच्या व्यवसायात जुनी आहे, आणि मी स्वतः ती कधीच वापरली नाही असे म्हणण्याचे धैर्य मला नाही. थैलीतील पत्रात झाशी कंपनीची दोस्त होती, टिपणात आश्रित ठरली.

मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, दरमहा पाच हजारांची नेमणूक ठरली. राणीसाहेबांनी लिहिणे थांबवले नाही. २२ एप्रिलला आणखी एक पत्र गेले; जॉन लँग या वकिलाला बोलावून सल्ला घेतला गेला. जून १८५७ मध्ये झाशीतील इंग्रजांची कत्तल झाल्यावर त्यांनी जबलपूरचे कमिशनर अर्स्किन यांना दोन पत्रे लिहिली. अर्स्किनने २ जुलैच्या उत्तरात जिल्ह्याचा कारभार सांभाळण्याची त्यांना विनंती केली. म्हणजे ज्या सत्तेने राज्य काढून घेतले, तिच्याच अधिकाऱ्याने ते पुन्हा चालवायला सांगितले, तेही पत्रानेच. १ जानेवारी १८५८ रोजी राणीसाहेबांनी सर रॉबर्ट हॅमिल्टन यांना आपली बाजू पुन्हा लिहून कळवली. मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या तोफा झाशीच्या तटासमोर लागल्या. हॅमिल्टन त्या फौजेबरोबरच होते.