नांव आणि मुलूख

पुण्याची मंडई एके काळीं शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. तिच्यासाठीं बांधलेली आठ बाजूंनीं पसरलेली नवी इमारत १८८६ सालीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्तें उघडली गेली, आणि मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचें नांव 'रे मार्केट' ठेवण्यांत आलें. एका इंग्रज अधिकाऱ्याचें नांव एका देशी बाजारास मिळालें, असें कोणीही सहज म्हणेल. परंतु लॉर्ड रे हे इंग्रज होते काय?

त्यांचें मूळ नांव डोनाल्ड मॅके. त्यांचा जन्म १८३९ सालीं हॉलंडमधील हेग शहरीं झाला, घराणें स्कॉटलंडचें. तरुणपणीं ते डच पार्लमेंटचे सभासद होते आणि ब्रिटिश प्रजाजन झाले ते १८७७ सालीं. म्हणजे जन्मानें डच आणि कुळानें स्कॉच असा हा गृहस्थ पुणेकरांच्या तोंडीं 'इंग्रज' ठरला. यांत पुणेकरांचा विशेष दोष नाहीं. इंग्लंड हा ब्रिटनचा एक भाग. पण मराठींत त्या सर्व बेटाला, तेथील सर्व लोकांना, भागाचेंच नांव पडलें. स्कॉटलंडच्या माणसाला मात्र तें आजही रुचत नाहीं.

लॉर्ड रे यांच्या जन्मभूमीची कथा तशीच आहे. डच लोकांस जुनी मराठी 'वलंदेज' म्हणे; हा शब्द हॉलंडवरून आलेला. वास्तविक हॉलंड या नांवाचे प्रांत दोनच, आणि नेदरलंड्स देशाचे एकंदर प्रांत बारा. उरलेल्या दहा प्रांतांना हें नांव आपलें वाटावें तरी कसें? अखेरीस २०२० पासून तेथील सरकारनें देशाच्या प्रसिद्धीकार्यांत 'हॉलंड' हें नांव वापरणें सोडून दिलें. 'फिरंगी' शब्दाचा प्रवास याहून चमत्कारिक. मुळांत तो फ्रँक नांवाच्या युरोपीय लोकांचा वाचक. मराठी दप्तरांत तो मुख्यतः पोर्तुगीजांस लागला, आणि ज्यांचा फ्रँकांशीं खरा संबंध, ते फ्रेंच 'फरासीस' म्हणून निराळे राहिले.

खंडांचीं नांवेंही अशींच वाढलीं. 'आफ्रिका' हा रोमन लोकांचा कार्थेजभोवतालचा एक प्रांत होता, आणि 'आशिया' हा आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिमेकडील प्रांत. 'अमेरिका' या नांवाची गति उलट झाली. १५०७ च्या नकाशांत तें नव्या जगाच्या दक्षिण भागावर लिहिलें गेलें, पुढें तें दोन्ही खंडांना लागलें, आणि आज बोलण्यांत तें बहुधा एकट्या संयुक्त संस्थानांपुरतें उरलें आहे. दक्षिणेकडील अनेक देशांतील लोक या संकोचाविरुद्ध तक्रार करीत आले आहेत.

इतरांच्या नांवांची ही चर्चा करमणुकीची वाटली, तरी घरचा प्रश्न तितका सोपा नव्हता. पेशवाईंतील पत्रांत 'हिंदुस्थान' म्हणजे बहुधा नर्मदेपलीकडचा उत्तरेचा मुलूख. शिंदे-होळकरांच्या फौजा पुण्याहून 'हिंदुस्थानांत' जात; पुणें स्वतः दक्षिणेंत असे. पुढें एकोणिसाव्या शतकांत याच शब्दाखालीं हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंतचा सर्व देश आला. शब्द जुनाच राहिला. आपलेपणाची सीमा मात्र वाढली.

१९४७ सालीं फाळणी झाली आणि ही सीमाच वादांत सापडली. नव्या राज्यानें 'इंडिया' हें नांव घ्यावें यास जीना यांचा आक्षेप होता. त्यांच्या मतें तें दिशाभूल करणारें होतें, आणि त्या राज्यास ते 'हिंदुस्थान' म्हणत. उलट १९४९ च्या सप्टेंबरांत घटना समितींत कल्लूर सुब्बाराव यांनीं सांगितलें कीं, हा शब्द सिंधूवरून आला आणि सिंधु तर पाकिस्तानांत गेली; तेव्हां हिंदुस्थान हें नांव त्या देशासच अधिक शोभेल! घटनेच्या १९४८ च्या मसुद्यांत एकटें 'इंडिया' होतें. डॉ. आंबेडकरांनीं 'इंडिया म्हणजेच भारत' ही शब्दयोजना मांडली. 'भारत' अगोदर यावें, ही हरि विष्णु कामत यांची दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनीं फेटाळली गेली. प्रश्न दोन शब्दांच्या क्रमाचा दिसतो. परंतु जगाशीं जोडलेलें नांव पुढें असावें कीं परंपरेनें दिलेलें, हा निर्णय त्यांत गुंतला होता.

रे मार्केटचें काय झालें? नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं या इमारतीच्या खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असें त्यांचें म्हणणें. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें याच इमारतीस 'महात्मा फुले मंडई' हें नांव मिळालें. गव्हर्नरचें नांव वरून आलें होतें. हें नांव नगराच्या प्रतिनिधींनीं दिलें. देशाचें असो वा बाजाराचें, नांव किती जुनें यापेक्षां ज्यांना तें धारण करावयाचें त्यांना कोणी विचारलें होतें काय, हाच अशा वादांतील खरा प्रश्न असतो. भाजी घेण्यास निघालेला पुणेकर मात्र तेव्हांही 'मंडईंत जातों' म्हणे, आणि आजही तेंच म्हणतो.