तर्जुमा आणि मूळ लिखाण : टेस्लाच्या पहिल्या दोन गाड्या

मागच्या महिन्यात नववीच्या वर्गात मुलांना 'शोध आणि संशोधक' या विषयावर दोन-दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. एका मुलाने छातीठोकपणे सांगितलं की, विजेवर चालणारी मोटार इलॉन मस्कने शोधली. वर्गात कुणीही हरकत घेतली नाही. मी भाषेचा मास्तर, उर्दू आणि मराठी शिकवणारा. गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही, स्वतःची आहे ती दुचाकी. पण उत्तर चुकीचं आहे एवढं ठाऊक होतं. "पुढच्या आठवड्यात सांगतो," असं म्हणून घरी आलो आणि वाचत बसलो. वाचता वाचता टेस्ला कंपनीच्या पहिल्या दोन गाड्यांवर अडकलो. पहिली रोडस्टर, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. दुसरी मॉडेल एस, ऐसपैस आलिशान सेडान. दोन्ही विजेच्या, दोन्ही महागड्या, एकाच कंपनीच्या. तरी त्यांच्यात जो फरक आहे तो मला गाड्यांपेक्षा भाषांतराच्या कामातून जास्त नीट समजला.

आधी त्या मुलाच्या उत्तराचा हिशेब. 1899 साली कामीय झेनात्सी या बेल्जियन माणसाने पॅरिसजवळ ताशी 100 किलोमीटरची मर्यादा ओलांडली, ती विजेच्या गाडीतून. रस्त्यावरच्या वाहनाने ती मर्यादा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती. 1900 साली अमेरिकेत तयार झालेल्या 4,192 मोटारींपैकी 1,575 विजेवर चालणाऱ्या होत्या, पेट्रोलच्या त्याहून कमी. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतःसाठी डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विजेची गाडी वापरत. पुढे फोर्डचीच स्वस्त मॉडेल टी आली, 1912 मध्ये कॅडिलॅकने हँडल न मारता इंजिन सुरू करणारा सेल्फ स्टार्टर आणला, आणि विजेची मोटार हळूहळू विस्मरणात गेली. म्हणजे मस्क यांच्या जन्माआधी ही गाडी एकदा जन्मून मेलीही होती.

दुसऱ्यांदा ती मेली 2003 च्या सुमारास. कॅलिफोर्निया राज्याने 1990 मध्ये नियम केला होता की, कंपन्यांनी विकलेल्या गाड्यांतला काही हिस्सा धूर न सोडणारा असलाच पाहिजे. त्या दबावाखाली जनरल मोटर्सने ईव्ही1 ही देखणी गाडी 1996 पासून लोकांना दिली. विकली नाही, फक्त भाड्याने दिली. अकराशेच्या वर गाड्या बनल्या. नियम सैल झाल्यावर कंपनीने त्या परत मागवल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. गाडी विकत द्या म्हणून वापरणारे विनवण्या करत होते. शेवटी 2003 च्या जुलैत त्यांनी लॉस एंजेलिसच्या एका कबरस्तानात ईव्ही1 चा प्रतीकात्मक अंत्यविधी केला.

त्याच जुलै महिन्यात टेस्ला मोटर्सची नोंदणी झाली. नोंदणी करणारे दोघे होते मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग. या दोघांनी याआधी काय बनवलं होतं हे वाचून मला मौज वाटली. 1998 मध्ये त्यांनी रॉकेट ईबुक नावाचं हातात धरून वाचायचं यंत्र काढलं होतं, किंडलच्या नऊ वर्षं आधी. अशा लहान उपकरणांचं काम करताना त्यांच्या लक्षात आलं होतं की लॅपटॉपमधले लिथियम-आयन सेल दरवर्षी थोडे सुधारतात आणि थोडे स्वस्त होतात.

पण त्यांच्याही आधी एक नाव आहे, जे फारसं कुणी घेत नाही. अॅलन कोकोनी. ईव्ही1 ज्या नमुन्यातून आली त्याची विद्युत यंत्रणा घडवणाऱ्यांपैकी हा एक प्रमुख अभियंता. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन डिमास गावातल्या त्याच्या एसी प्रोपल्शन या छोट्या कंपनीने 1997 मध्ये टी-झीरो नावाची स्पोर्ट्स कार बनवली. तिच्यात आधी साध्या शिशाच्या बॅटऱ्या होत्या. एबरहार्ड यांनी आग्रह धरला, पैसेही दिले, आणि 2003 मध्ये तिच्यात लॅपटॉपसारखे हजारो सेल बसवले गेले. वजन शेकडो किलोंनी उतरलं. एका चार्जमध्ये जेमतेम 100 मैल जाणारी गाडी 300 मैलांच्या आसपास जाऊ लागली. ही गाडी विकायला काढा, असं एबरहार्ड यांनीही सांगितलं आणि वेगळ्या वाटेने तिथे पोहोचलेल्या मस्क यांनीही. कंपनीने मनावर घेतलं नाही. मग दोघांची गाठ पडली. 2004 च्या फेब्रुवारीत मस्क यांनी टेस्लात पैसे घातले आणि ते अध्यक्ष झाले.

आता रोडस्टर. कंपनी नवी, गाडी बनवायचा अनुभव शून्य. तेव्हा ठरलं की तयार गाडी घ्यायची, इंजिन काढायचं, त्या जागी बॅटरी आणि मोटर बसवायची. इंग्लंडच्या लोटस कंपनीची एलिझ ही हलकी गाडी त्यासाठी निवडली.

भाषेच्या मास्तराला इथे थांबावंच लागतं. नवशिके तर्जुमा करतात तो असाच. मूळ वाक्याची बांधणी तशीच ठेवायची आणि एकेक शब्द बदलत जायचा. उर्दूतून मराठीत आणताना मुलं क्रियापद, लिंग, सगळं उर्दूचं ठेवतात आणि वर मराठी शब्दांची चादर घालतात. वाक्य उभं राहतं, पण चालत नाही.

एलिझचंही तेच झालं. 6,831 सेलची बॅटरी, प्रत्येक सेल बोटाएवढा, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. सगळं मिळून सुमारे 450 किलोची पेटी. ती ठेवायची कुठे? पेट्रोल गाडीत इंजिन होतं तिथे, सीटच्या मागे. मग वजनाचा तोल बदलला, सांगाडा मजबूत करावा लागला, चाकांमधलं अंतर वाढलं. आत शिरताना पाय फार उचलावा लागतो म्हणून दारांचा उंबरठा खाली घेतला. पत्रे बदलून कार्बन फायबर आला. शेवटी मूळ गाडीचे फार थोडे भाग उरले. एलिझ घेतल्याने काम सोपं होईल हा अंदाज चुकला, असं मस्क यांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं.

गिअरबॉक्सने सगळ्यात जास्त रडवलं. पेट्रोलच्या इंजिनाला जोर धरायला वेग लागतो, म्हणून गिअर लागतात. विजेच्या मोटरला शून्यापासूनच पूर्ण जोर असतो. तरीही झटका आणि वेग दोन्ही साधायला दोन गिअर ठेवायचे ठरलं, आणि तो झटका सोसता न आल्याने गिअरबॉक्स तुटत राहिले. एक पुरवठादार झाला, दुसरा झाला. अखेरीस मोटरला वीज पुरवणारी यंत्रणाच सुधारली आणि एकच गिअर ठेवला, तेव्हा प्रश्न सुटला. म्हणजे जुन्या भाषेचं व्याकरण सोडलं तेव्हा.

या सगळ्यात 2006 च्या जुलैत दाखवलेली गाडी लोकांच्या हाती पडायला 2008 उजाडलं. मधल्या काळात, 2007 च्या ऑगस्टमध्ये, एबरहार्ड यांना मुख्याधिकारी पदावरून दूर केलं गेलं आणि वर्षअखेरपर्यंत ते कंपनीबाहेर होते. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये मस्क त्या खुर्चीवर बसले. जगभर मंदी होती, तिजोरी रिकामी होती. कंपनी वाचवणारा पैसा नाताळच्या आदल्या दिवशी जमला.

आणि तरीही रोडस्टर यशस्वी झाली, असंच मी म्हणेन. किंमत 98,000 डॉलर, चार वर्षांत विक्री सुमारे 2,450. धंदा म्हणून हे काहीच नाही. पण तोवर विजेची गाडी म्हटलं की गोल्फच्या मैदानावरचं वाहन डोळ्यांसमोर येई. ही गाडी चार सेकंदांच्या आत ताशी 60 मैलांचा वेग गाठत होती आणि एका चार्जमध्ये 244 मैल, म्हणजे 393 किलोमीटर जात होती. कच्चा तर्जुमाही कधी कधी एवढं काम करतो. मूळ पुस्तक वाचलंच पाहिजे अशी ओढ लावतो.

मॉडेल एस वेगळ्या रीतीने घडली. सुरुवातीला एक मर्सिडीज सीएलएस घेऊन तिच्यात विजेची यंत्रणा बसवून पाहिली, पण ती फक्त चाचणीसाठी. विकायची गाडी मात्र बॅटरीपासून लिहायला घेतली. बॅटरी कुठे ठेवायची हा प्रश्न आधी आणि गाडी कशी दिसेल हा नंतर. उत्तर होतं जमीन. 7,104 सेल एका सपाट पेटीत मांडून ती पेटीच गाडीचा तळ केली. एकदा हे ठरल्यावर बाकीची वाक्यं आपोआप जुळत गेली. वजन खाली गेलं, म्हणून एवढी जड गाडी वळणावर झुकेना. पुढे इंजिन नाही, म्हणून तिथेही डिकी, आणि धडक बसली तर चेपायला मोकळी जागा. मधून जाणारा दांडा नाही, म्हणून मागे तिघांचे पाय मोकळे. मागच्या डिकीत हवं तर मुलांसाठी उलट्या तोंडाच्या दोन सीट. फ्रान्झ फॉन होल्झहाउझन या आरेखनकाराने तिला जे रूप दिलं, त्यात समोर रेडिएटरची जाळी असण्याची गरजच नव्हती. तरी पहिल्या गाड्यांवर जाळीच्या जागी एक काळा चेहरा ठेवला होता, बहुधा लोक बिचकू नयेत म्हणून. जुन्या व्याकरणाची एवढी एक मात्रा राहिली. 2016 मध्ये तीही काढली.

आता आकडे समोरासमोर ठेवू. रोडस्टरच्या बॅटरीत 53 युनिट वीज मावे. युनिट म्हणजे आपल्या घरच्या मीटरवर पडतं तेच. मॉडेल एसच्या मोठ्या बॅटरीत 85. साठ टक्के जास्त वीज, पण सरकारी चाचणीत पल्ला 265 मैल, रोडस्टरपेक्षा फक्त 21 मैल जास्त. मधल्या काळात अमेरिकेतली चाचणीची पद्धत कडक झाली होती, त्यामुळे हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. तरी मुख्य कारण वजनाचंच. रोडस्टर सव्वाबाराशे किलोंची, मॉडेल एस एकवीसशेच्या पुढे. दोघांना नेणारी गाडी आणि पूर्ण कुटुंबाला सामानासकट नेणारी गाडी, विजेच्या हिशेबात या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मैलामागे वीज वाचवणं हेच जर पर्यावरणाचं माप असेल, तर चैनीची मानली गेलेली छोटी रोडस्टर सेडानपेक्षा काटकसरी ठरते. ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही.

मॉडेल एसच्या पहिल्या गाड्या 22 जून 2012 रोजी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. हा कारखाना जनरल मोटर्स आणि टोयोटाच्या भागीदारीचा होता. 2010 च्या एप्रिलमध्ये तो बंद पडला आणि सुमारे 4,700 कामगारांचं काम गेलं. पुढच्याच महिन्यात टेस्लाने तो 4.2 कोटी डॉलरला घेतला. एवढ्या मोठ्या कारखान्याला ही किंमत म्हणजे मातीमोल. शिवाय अमेरिकी सरकारचं 46.5 कोटी डॉलरचं कर्ज मिळालं होतं (ते 2013 मध्ये मुदतीआधी फेडलं), डाइमलरचे 5 कोटी डॉलर होते. एकट्याच्या हिंमतीवर उभं राहिलेलं साम्राज्य ही कहाणी इथे जरा लंगडी पडते.

2012 च्या अखेरीस मोटर ट्रेंड मासिकाने मॉडेल एसला वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं. 2013 या एका वर्षात 22 हजारांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. आता गोम किमतीची. मस्क यांनी 2006 च्या ऑगस्टमध्ये आपला बेत उघडपणे लिहिला होता. आधी श्रीमंतांसाठी स्पोर्ट्स कार, त्या पैशातून कमी किमतीची गाडी, त्यातून आणखी स्वस्त. मॉडेल एस ही दुसरी पायरी. तिची सर्वांत लहान, 40 युनिटची आवृत्ती 57,400 डॉलरला जाहीर झाली. ती फक्त चार टक्के ग्राहकांनी मागितली, म्हणून बनवलीच नाही. मागणाऱ्यांना 60 युनिटची बॅटरी देऊन सॉफ्टवेअरने 40 वर कुलूप घातलं. स्वस्त म्हणून ठरलेली पायरी बाजाराने अशी आपोआप वर ढकलली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 2025 च्या जुलैत टेस्लाचं दुकान उघडलं, तिथे तेव्हा मॉडेल वाय साधारण 60 लाखांपासून होती. आयात कराचा वाटा त्यात मोठा होता हे खरं, पण आमच्या शाळेतल्या पालकांसाठी ती अजून पहिल्याच पायरीवर आहे.

पुढच्या आठवड्यात वर्गात हे सगळं थोडक्यात सांगितलं. टेस्लाचे संस्थापक कोण यावरून एबरहार्ड यांनी 2009 मध्ये मस्क यांच्यावर दावा लावला होता. त्याच वर्षी तडजोड झाली, की पाच जण स्वतःला संस्थापक म्हणवू शकतील. ती पाच नावं मी फळ्यावर लिहिली. एबरहार्ड, टारपेनिंग, इयान राइट, स्ट्राउबेल, मस्क. मुलांनी वहीत उतरवून घेतली. आधी उत्तर देणाऱ्या मुलाने हात वर केला, "सर, तो टी-झीरोवाला कोकोनी कुठे आहे?" तो कंपनीत नव्हता, असं मी सांगितलं. हे उत्तर त्याला पटलेलं दिसलं नाही. तेवढ्यात घंटा झाली.